काकीच्या वाट्याचा उजेड

"घालवू नका हा भाऊ, सुपातले खडे काढायचेत अजून!"

पोलादपूरच्या दिवसांतलं हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. ते भिंतीच्या वरून यायचं. मी दिवा बंद करायला बटणाकडे हात नेला की यायचं. मी कसलाही आवाज न करता उठलो तरी यायचं. मग पलीकडून सूप पाखडल्याचा आवाज, आणि पुन्हा, "घालवू नका हा!" मी हात मागे घ्यायचो आणि उजेडात डोळे मिटून पडून राहायचो.

हे नीट कळायला आमच्या घरमालकाची युक्ती आधी सांगायला हवी. तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा बाजारपेठेच्या मागे एका लांबलचक कौलारू घरात मला दोन खोल्या मिळाल्या. मालकाने मधे भिंती घालून त्या एका घराची पुष्कळ बिऱ्हाडं केली होती, आणि शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीत, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक चौकोनी भोक ठेवलं होतं. त्या भोकात एक बल्ब. बिऱ्हाडं दोन, बल्ब एक. अर्धा उजेड त्यांचा, अर्धा आमचा. तुमच्यापैकी काहींनी असे दिवे पाहिले असतील, काही जण तर त्याखाली अभ्यास करून मोठे साहेब झाले असतील. बटण मात्र एकाच बाजूला असायचं, आणि ते माझ्या बाजूला होतं. त्यामुळे पलीकडच्या काकीची संध्याकाळ कधी संपायची हे माझ्या हातात आहे, असा मालकाचा समज होता. खरं म्हणजे माझी झोप कधी सुरू व्हायची हे काकीच्या हातात होतं.

मला तिचा आवाज आधी कळला, चेहरा नंतर. कित्येक दिवस मी तिची उंची, बांधा, सगळं आवाजावरून ठरवून ठेवलं होतं. चांगली थोराड, कमरेवर हात ठेवून बोलणारी बाई असणार. एके दिवशी नळावर एक ठेंगणी, चिमणीसारखी बाई माझी घागर बाजूला सारून म्हणाली, "भाऊ, काल फार लौकर घालवलात," तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं, बोललं कोण म्हणून.

तिचं गाव वर कुडपणच्या बाजूला. नवरा मुंबईला गिरणीत, एप्रिलात जयंतीला आणि वर्षातून आणखी एखाद वेळी यायचा. मुलगी लग्न होऊन मुंबईलाच. काकी इथे एकटी राहून वाण्याच्या दुकानातला तांदूळ निवडून द्यायची. तिच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून तिला दिवसासुद्धा दिवा लागायचा. कचेरीत जाताना मी दिवा चालू ठेवून जायचो, ही आमच्या शेजारधर्माची सुरुवात.

भिंतीपलीकडून तिला सगळं कळायचं. "भाऊ, आज साहेब बोलला ना तुम्हाला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जोडे आपटलात तुम्ही येताना. रोज नाय आपटत."

माझं लग्न झालं आणि काकीचं माझ्याशी बोलणं एकदम कमी झालं. आता तिला बोलायला खरं माणूस मिळालं होतं. माझी बायको वाईच्या बाजूची. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. वडील शाळामास्तर, आणि घरात बहिऱ्या कानाची एक म्हातारी आत्या. घरात बोलायचं ते ओरडून, हीच तिला सवय. त्यामुळे भिंतीच्या भोकातून बोलणं तिला पहिल्या दिवसापासून जमलं.

"गो, झोपलीस?"

"नाही काकी."

"मग ऐक तर."

आणि मग दोघींच्या मधे मी, गादीवर, गाढ झोपल्याचं सोंग घेऊन. सोंग घेण्याचं कारण, अनेकदा विषय मीच असायचो. मार्चात आम्ही सगळेच महाडला तळ्यावर जायचो. त्या वर्षी त्या दोघी पांढरी लुगडी नेसून एसटीत शेजारी बसल्या, आणि मी मागे उभा राहून पाहत राहिलो. दोघी इतक्या बोलत होत्या की मधे भिंत नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

त्याच उन्हाळ्यात बायकोला दिवस गेले.

आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. सावित्रीचं खोरं म्हणजे झाकण घातलेला टोप. वारा डोंगरावरून जातो, खाली उतरत नाही. बायकोच्या पोटात काही ठरेना, तोंड उतरलं, दुपारी ती ओल्या फरशीवर आडवी पडायची. आणि अशातच सासरे आंबेनळी घाट उतरून आले. थोडं बोलणारा माणूस. लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, लग्नात मी पंखा दिला होता."

"हो अप्पा."

"कुठे आहे?"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पंखा ट्रंकेवर होता. त्यावर बायकोने स्वतः भरलेलं पोपटाचं आच्छादन होतं, आणि त्यावर आम्ही कधीमधी टोप्या ठेवायचो.

"प्लग नाही," मी म्हणालो.

"मग करून घ्या. आठवड्याने येतो. पंखा फिरताना दिसला तर पोर राहू दे. नाहीतर मी वर गारव्याला घेऊन जातो. पावसात घाटात दरडी आल्या की रस्ता बंद. मग बाळंत होऊन, मुलाने मान धरली की येईल खाली."

म्हणजे पुढचं वर्ष. बायकोने आत एक पातेलं जरा जोरात ठेवलं. भिंतीपलीकडे सुपाचा आवाज थांबला होता, तो त्या संध्याकाळी पुन्हा सुरू झाला नाही.

गावातला वायरमन म्हणाला, मालकाचं हो म्हणणं आणा. मालक म्हणाला, "बल्ब दिलाय तो काय कमी आहे?" तेव्हा मी ठरवलं की हे काम आपणच करायचं. मी मॅट्रिकला सायन्स घेतलं होतं. पास झालो होतो. कसा ते विचारू नका.

बटणाचं झाकण उघडून पाहिलं तर आत दोन तारा. प्लगलाही दोनच तारा लागतात. इतका सरळ हिशेब असताना लोक वायरमनच्या मागे का लागतात, ते मला कळेना. मी महाडला जाऊन प्लग, वायरचा तुकडा आणि एक पेचकस आणला. दुकानदाराने विचारलं, "लाईन कुठून घेणार?" मी म्हणालो, "बटणातून." त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने.

मेन स्विच मालकाच्या ओटीवर, म्हणजे तो बंद करायचा तर चोरी उघडी पडणार. म्हणून चालू विजेवरच काम. कुणी हे करू नका. मीही पुन्हा केलं नाही. ट्रंक, ट्रंकेवर लाकडी पाट, पाटावर मी, आणि माझ्या पायात बायकोच्या रबरी चपला, टाचा बाहेर. पहिली तार बसली. दुसरी बसवताना मी काहीतरी मोठ्याने ओरडलो आणि पुढच्या क्षणी खाली गादीवर बसलेला होतो.

"भाऊ, काय झालं?" वरून आवाज.

मी हात झटकत होतो. तेवढ्यात दारातून काकी आत आली, हातात काठी. विजेला चिकटलेला माणूस लाकडाने सोडवायचा असतो, हे तिला गिरणीतल्या नवऱ्याने शिकवलं होतं. मी तर केव्हाचाच सुटून बाजूला बसलो होतो. पण आणलेली काठी तिने वाया जाऊ दिली नाही. माझ्या दंडावर एक सणसणीत ठेवून दिली.

"सुटलात?"

"आधीच सुटलो होतो!"

"मग बरं. आता पक्के सुटलात."

बायको तोंडात पदर घालून आत गेली. कित्येक दिवसांनी ती हसलेली मी ऐकली, म्हणून काठीचं मी मनावर घेतलं नाही.

शेवटी प्लग बसला. पंख्यावरचा पोपट काढला, पिन लावली. दिव्याचं बटण बंद होतं. पंख्याची पाती म्हाताऱ्या बैलासारखी उठली आणि हळूहळू फिरू लागली. आणि वर भोकातला बल्ब आपोआप पेटला; पूर्ण नव्हे, पिकलेल्या आंब्याच्या रंगाचा.

पलीकडून काकी म्हणाली, "भाऊ, दिवा लावलात का घालवलात?"

मी बटण चालू केलं. बल्ब लख्ख झाला आणि पंखा थांबला. बटण बंद केलं. पंखा हलला, बल्ब पिवळा झाला. असं मी इतक्या वेळा केलं की बायको म्हणाली, "पुरे. एक काहीतरी ठेवा." माझं सायन्स तिथे संपलं. पुढे कित्येक वर्षांनी एका वायरमनने मला हसत हसत सांगितलं की त्या दोन तारा म्हणजे एकाच तारेची दोन टोकं. पंख्याला मिळत होती ती दिव्यातून गाळून आलेली वीज. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की दिवा आणि पंखा यांचं आपसात पटत नाही.

आणि या वाऱ्याने बायकोच्या कपाळावरचा केससुद्धा हलत नव्हता. असा पंखा पाहून सासऱ्यांनी काय केलं असतं, ते उघड होतं.

काकी काही वेळाने आली ती पदराखाली काहीतरी घेऊन. जयंतीच्या मांडवातला मोठा बल्ब, दोनशेचा; तिने ट्रंकेत लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. "हा लावा. या पिवळ्या उजेडात मला खडा नि दाणा सारखाच दिसतो."

मागणी रास्त होती. काकी आपल्या खोलीत परतली, मी शिडी लावून बल्ब बदलला आणि पंखा सुरू केला. पंखा असा भणाणला की पोपटाचं आच्छादन उडून चुलीजवळ गेलं. बायकोचे केस उडायला लागले. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. मी वर पाहिलं. एवढा मोठा बल्ब, पण त्यात निखाऱ्याएवढी एक लाल तार दिसत होती, बस. उजेड म्हणून काही नव्हता.

मी म्हणालो, "काकी, हे उलटंच झालं. जुनाच लावतो."

पलीकडे सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "लागतोय का वारा तिला?"

"लागतोय."

"मग शिडी ठेवा जागेवर."

त्या दिवसापासून काकी दुपारची दाराच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसायला लागली. तिथे ऊन यायचं, म्हणून डोक्यावरून पदर पुढे ओढून. संध्याकाळी कंदील. मी दोनतीनदा म्हणालो, थोडा वेळ पंखा बंद करतो. दर वेळी तिचं ठरलेलं उत्तर: "घालवू नका हा." फक्त आता ते पंख्याबद्दल होतं.

ठरल्याप्रमाणे सासरे आले. दुपारची वेळ, घाटातून उतरलेली एसटी, अंगाची काहिली. मी त्यांना पंख्यासमोर बसवलं. त्यांनी सदऱ्याची वरची बटणं सोडली, डोळे मिटले आणि चक्क म्हणाले, "वा." मी आयुष्यात सासऱ्यांकडून मिळवलेला तो पहिला शेरा. बायकोने चहा आणला. तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला होता. सगळं जमत आलं होतं.

फक्त मावळतीची वेळ होते, हे मी धरलंच नव्हतं.

अंधारून आलं. बायकोने सवयीने कंदील पेटवून मधे ठेवला. पंखा जोरात फिरतोय, आणि कंदिलाची ज्योत वाऱ्याने फडफडतेय. सासऱ्यांनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा कंदिलाकडे.

"वीज आहे ना?"

"आहे अप्पा."

"मग कंदील?"

मी कंदिलाची वात सारखी करायला वाकलो. तेवढ्यात वरून उत्तर आलं, "आमच्याकडं उन्हाळ्यात तशीच पद्धत हाय पावणं. बलबाची गरमी नको म्हणून."

सासरे दचकून उभे राहिले. "कोण बोललं?"

"शेजारच्या काकी," बायको म्हणाली.

"कुठून?"

"दिव्यातून," मी म्हणालो.

मास्तर माणूस. असल्या उत्तरांवर त्यांनी जन्मभर पोरांना बाकावर उभं केलेलं. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. दोनशेचा बल्ब असा पेटला की आम्ही तिघांनी डोळ्यांवर हात घेतले. पंखा थांबला. त्यांनी बटण पुन्हा दाबलं. अंधार, पंखा सुरू. पुन्हा उजेड. पुन्हा पंखा. शेवटी उजेड. अगदी मी केलं होतं तसंच, पण माझ्याइतका वेळ त्यांना लागला नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "हा प्लग कुणी केला?"

"मीच."

"वाटलंच."

मग वर बघून त्यांनी विचारलं, "बाई, पंखा चालू असताना तुमच्याकडे उजेड किती?"

"हाय की."

"किती?"

"मला काय बघायचंय पावणं? हिचा आवाज येतो, तेवढा बस हाय."

सासरे दारातून बाहेर पडले. शेजारच्या उंबऱ्याशी त्यांच्या चपला वाजल्या आणि थांबल्या. आम्ही दोघं आत कान देऊन उभे. बायकोने माझा हात घट्ट धरला होता. पलीकडे फक्त सूप हललं. मग काकीचा आवाज, एकदम हळू, कधी नव्हे असा: "नेऊ नका हो तिला. आई नाय तिला, ठाव हाय मला. मी हाय ना."

सासरे काय म्हणाले, ते ऐकू आलं नाही. परत आले ते सरळ बटणापाशी. बटण लख्ख उजेडावर होतं. ते त्यांनी स्वतः बंद केलं, पंख्याचं तोंड लेकीकडे वळवलं आणि कंदील उचलून भिंतीच्या आडोशाला ठेवला, वारा लागणार नाही असा.

"अप्पा, मी इथंच राहते," बायको म्हणाली.

"मग? मी काय म्हणतोय? काकींना जेवायला बोलव."

जेवताना काकीने त्यांना सुकटीची चटणी इतकी वाढली की रात्रभर ते पाणी पीत होते. सकाळी पहिल्या गाडीने ते एकटे गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "सातव्यात घेऊन या. आणि वायरमनचं काम सोडा."

त्या पावसाळ्यात घाट बंद पडला, वाईची वाट तुटली, आणि आमच्या घरात कशाचं म्हणून काही अडलं नाही. रात्री बायकोला कळ आली की मी उठायच्या आत काकी दारात असायची. मालकाला पुढे प्लगचा सुगावा लागला. तो रागाने आला, वर पाहिलं, पलीकडच्या अंधाराकडे पाहिलं, आणि काकीने त्याला असं काही ऐकवलं की दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः वायरमन पाठवून तिच्या खोलीत वेगळा बल्ब दिला.

आता काकी नाही. मुलीकडे मुंबईला गेली, पुष्कळ वर्षं राहिली, तिथेच गेली. आम्हाला उशिरा कळलं. मुंबईतल्या लेकीच्या खोलीत ती कशी राहिली असेल, याचा विचार करायला गेलो की मला मात्र पोलादपूरचा एसटी स्टँडच दिसतो.

त्या वर्षीचा दसरा होऊन गेला होता. घाट सुरू झाला होता आणि बायकोला वर पोचवायचं होतं. मला कचेरीतून सुट्टी मिळेना; मागे मी एकटाच राहणार होतो. गाडी थेट होती आणि पलीकडे सासरे उतरवून घ्यायला येणार होते. काकी सोडायला स्टँडवर आली. गाडीत चढून तिने बायकोला खिडकीशी बसवलं, पाठीशी चादरीची घडी दिली, पायाखाली पिशवी सरकवली, पुढच्या बाकावरच्या माणसाला विडी विझवायला लावली. कंडक्टरने घंटी वाजवली.

"काकी, उतरा!" मी ओरडलो.

काकीने दाराकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बायको काही बोलली नव्हती, फक्त तिने काकीच्या पदराचं टोक हातात धरलं होतं. घाटाची वळणं, वर बहिरी आत्या. काकी खाली बसली.

गाडी हलली. मी खिडकीबरोबर धावतोय, आणि अंगावरच्या लुगड्यानिशी, अनवाणी निघालेली काकी खिडकीतून ओरडतेय, "भाऊ, चुलीवर भात हाय माझा! उतरवा तेवढा!"

घरी धावत आलो. काकीचं दार उघडंच होतं. भाताला खालून वास लागायला सुरुवात झाली होती. मी टोप उतरवला, झाकण काढलं. एकट्या बाईचा भात केवढा असतो हे मला इतक्या दिवसांत चांगलं ठाऊक होतं.

टोपात दोन माणसांचा भात होता.